शब्दकोडं देखणं कशानं होतं? चतुर्थी अंकासाठी ११×११ ची जाळी

अंत्रुजकर

आमच्या वाडीच्या चतुर्थी अंकात यंदा अर्धं पान शब्दकोड्याला दिलंय. शब्द शक्यतो गोव्याच्या आसपासचे हवेत, पण कोडं नुसतं सामान्यज्ञानाची परीक्षा होऊ नये. सोडवायच्या आधीच डोळ्यांना बरं वाटेल, पेन हातात घ्यावंसं वाटेल, असं ते दिसायला हवं. मराठी कोड्याची जाळी देखणी कशानं होते? इंग्रजी पेपरांतली जाळी जशीच्या तशी उचलली तर काय बिघडतं? घरं किती आणि काळी किती, हे आकड्यांत सांगा, म्हणजे वहीत आखता येईल.

जाळीकार

अंत्रुजकर बाब, उचललेली जाळी मराठीत का रडते ते आधी सांगतो.

इंग्रजीत दोन घराणी आहेत. आर्थर विन यांचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आलं. ते हिऱ्याच्या आकाराचं होतं आणि मधे पोकळ होतं. अमेरिकेत पुढे चौकोनी जाळी रुळली. तिथे बहुधा १५×१५ घरं असतात, काळी साधारण सहाव्या हिश्श्याएवढी, आणि प्रत्येक पांढरं घर आडव्यातही येतं, उभ्यातही. ब्रिटिश जाळी विरळ असते. एका आड एक घर छेदतं, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही शब्दांत येतं, बाकीची घरं एकाच शब्दाची.

अमेरिकन घराण्याची जाळी मराठीत भरायची तर जीव जातो. इंग्रजीत घर भरायला सव्वीस पर्याय असतात. आपल्या घरात बसतं पूर्ण अक्षर, म्हणजे व्यंजन, त्याची मात्रा, असेल तर अनुस्वार, असेल तर जोड. ते दोन्ही दिशांनी तंतोतंत जुळायला लागतं. ३×३ मध्ये सगळी घरं छेदणारा चौरस जमतो:

क मा ल
मा न व
ल व ण

आडवं वाचा, उभं वाचा, तेच तीन शब्द. याच्या पुढे ५×५ ला गेलात की कोशाच्या तळातले, कुणी न वापरणारे शब्द ओढून आणावे लागतात. आणि असा एक शब्द सगळ्या जाळीची कळा घालवतो.

तेव्हा विरळ जाळीच घ्या. ती नाइलाजाची आहे असं मला मुळीच वाटत नाही. इंग्रजीत एका छेदातून एकच अक्षरचिन्ह हाती लागतं. आपल्याकडे छेदाच्या घरात 'खी' आला तर व्यंजन कळलं आणि स्वरही कळला. एक छेद इतकं देतो म्हणून कमी छेदांतही सोडवणाऱ्यावर अन्याय होत नाही. मराठी कोड्याचं सौंदर्य मला तिथेच दिसतं. छेद थोडे, पण प्रत्येक छेद भरलेला.

आता आखणी. ११×११ म्हणजे १२१ घरं. ओळ आणि स्तंभ दोन्हींचे क्रमांक सम असतील ती घरं काळी करा (२-२, २-४, ४-२ वगैरे). ही २५ झाली. दोन्ही क्रमांक विषम असलेली ३६ घरं छेदाची. त्यांना हात लावायचा नाही, हा या जाळीतला मोठा नियम. ओळ तोडायची तर विषम ओळीतल्या सम स्तंभावर तोडा, स्तंभ तोडायचा तर उलट. म्हणजे गळतं ते एकेरी घर, छेद एकही जात नाही.

आणि प्रत्येक काळ्या घराला जोडीदार द्या. ओळ ५, स्तंभ ४ काळं केलंत की १२ मधून वजा करा: ओळ ७, स्तंभ ८ काळं. कागद उलटा धरला तरी जाळी तीच दिसली पाहिजे. कावीच्या (भिंतीवरच्या तांबड्या नक्षीच्या) चक्रात एक पाकळी जाड झाली तर लांबून खटकते, तसंच हे. नेमकं काय चुकलंय ते वाचकाला सांगता येत नाही, पण नजर अडखळते.

आडवेउभे

ओळी १, ३, ९, ११ मधोमध तोडायच्या (स्तंभ ६), ओळी ५ आणि ७ स्तंभ ४ व ८ वर. म्हणजे पाच-पाच आणि तीन-तीन-तीन अक्षरी शब्द होतात. स्तंभही हुबेहूब तसेच तोडले तर चारही बाजूंनी सारखं दिसेल ना?

जाळीकार

दिसेल छान, पण कोडं फुटेल. कागदावर करून बघा. मधल्या ३×३ भोवती काळ्या घरांचं पूर्ण कडं तयार होतं आणि चार कोपरे सुटे पडतात. एका पानावर पाच वेगळी कोडी होतात. एका कोपऱ्यात अडकलेल्याला दुसऱ्या कोपऱ्यातून मदत मिळत नाही. जाळी पुरी झाली की कुठल्याही पांढऱ्या घरावर पेन्सिल ठेवा आणि काळ्यावर न जाता बाकी प्रत्येक घरापर्यंत पोचता येतं का ते बघा. ही तपासणी शब्द भरायच्या आधी करायची. नंतर कळलं तर सगळं पुसावं लागतं.

तुमच्या ओळी आहेत तशाच ठेवा, स्तंभ मात्र वेगळे तोडा. १, ५, ७, ११ हे स्तंभ ओळ ६ वर, आणि ३ व ९ हे स्तंभ ओळ ४ व ८ वर.

□□□□□■□□□□□
□■□■□■□■□■□
□□□□□■□□□□□
□■■■□■□■■■□
□□□■□□□■□□□
■■□■■■■■□■■
□□□■□□□■□□□
□■■■□■□■■■□
□□□□□■□□□□□
□■□■□■□■□■□
□□□□□■□□□□□

काळी ४१, पांढरी ८०, छेद ३६. आडवे १४, उभे १४. पाच अक्षरी सोळा, तीन अक्षरी बारा. शब्द सुरू होणाऱ्या घरांचे क्रमांक २३ पर्यंत जातात, कारण १, ४, १२, १३, १४ हे आडव्यालाही आहेत, उभ्यालाही. पाच अक्षरीत तीन छेद, तीन अक्षरीत दोन. कुठल्याच शब्दात दोन एकेरी घरं लागोपाठ येत नाहीत.

सासष्टीकर

जाळी नेटकी आहे, पण मधल्या ओळीत पाच काळी घरं सलग आली. ४१ म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. मला ती जड वाटते. जपानी कोड्यांत एका घरात कताकाना लिपीतलं एक अक्षर बसतं, म्हणजे आपल्या पद्धतीच्या बरंच जवळ. तिथे दोन काळी घरं एकमेकांना चिकटवत नाहीत आणि कोपरे पांढरे ठेवतात. त्यांची पानं कशी हलकी दिसतात!

जाळीकार

कोपरे आपलेही पांढरे आहेत. काळी घरं चिकटू द्यायची नाहीत तर छेद वाढतात, आणि मराठीत मग दोन अक्षरी शब्दांची गर्दी होते. फेणी, केपे, सांगे असे दोन-चार शोभतात, दहा झाले की जाळी तुटक वाटते. मधल्या पट्ट्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण तो बरोबर मध्यावर आहे आणि वरचा-खालचा तोल सांभाळतो. असाच पट्टा कोपऱ्यात आला असता तर मी जाळी बाद केली असती.

कोशातली

वरचा अर्धा भाग भरून देते:

दू ध सा ग र ■ ग ण ना य क
र ■ क ■ ख ■ णे ■ र ■ ल
द शा व ता र ■ शो भा द र्श क
र्श ■ ■ ■ खी ■ त्स ■ ■ ■ ला
न व स ■ त ला व ■ शे व ट

आडवे: दूधसागर, गणनायक, दशावतार, शोभादर्शक, नवस, तलाव, शेवट. उभे: दूरदर्शन, साकव, रखरखीत, गणेशोत्सव, नारद, कलकलाट.

भरण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यांत अडेल अक्षरापासून सुरुवात करायची. १ आडवा दूधसागर ठरला की १ उभा 'दू'ने सुरू होणार. 'दू'ने सुरू होणारे रोजच्या वापरातले पाच अक्षरी शब्द मोजकेच, मी दूरदर्शन घेतला. तो पक्का झाला की ३ ऱ्या ओळीचं पहिलं घर 'द'. मग दशावतार. दूधसागर आणि दशावतार दोघांचंही शेवटचं अक्षर 'र', तेव्हा ३ उभ्याला र-_-र-_-_ असा साचा मिळतो आणि रखरखीत नेमका त्यात बसतो. २ उभ्याला मला साखळी हे गोव्यातलं गाव घालायचं होतं. पण मग ३ ऱ्या ओळीला द-_-ळी-_-_ असा शब्द लागतो, तो काही मिळेना. साकव बसला. आपल्याकडे ओहोळावर साकव असतोच, त्यामुळे गोव्याचा रंगही राहिला.

आता मात्रांचं. एक घर एक अक्षर, अनुस्वार त्याच घरात, जोडाक्षर कितीही लांब असलं तरी एकच घर. म्हापसा तीन घरं, शांतादुर्गा चार, धारबांदोडा पाच. ऱ्हस्व-दीर्घात ढिलाई नको. १९६२ चे आणि १९७२ साली वाढवलेले शुद्धलेखनाचे नियम धरा. उदाहरणाला हे तीन बाय तीन बघा:

कि ता ब
ना ■ ही
रा प ण

किनारा आणि रापण (किनाऱ्यावर ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) एका घरात भेटतात ते किती छान! पण 'बहीण' आहे म्हणून 'ही' दीर्घ. 'बहिणीला' मध्ये तोच ऱ्हस्व होतो. मधलं घर पांढरं करून तिथे कुणी 'हि' असलेला शब्द घातला, तर एक शब्द बरोबर आणि दुसरा चुकीचा होणार. 'चालवून घ्या' म्हणणारी कोडी असतात. तिथे छेदावरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडाला की कोडं नुसती रिकाम्या जागा भरायची यादी होऊन बसतं.

सासष्टीकर

कोशातली बाय, भरणी सुरेख. एकच खटकलं. ४ आडवा गणनायक आणि ४ उभा गणेशोत्सव. एकाच घरातून निघतात आणि दोन्हीत 'गण' आहे. एक सुटला की दुसरा फुकट.

कोशातली

खरं आहे. दर्दी माणूस हे लगेच पकडणार. पण ४ आडवा हलवला तर ४, ५, ६ हे तिन्ही उभे हलतात, आणि त्यांच्यामागोमाग शोभादर्शक. चतुर्थीचा अंक असल्यामुळे मी जोडी ठेवायच्या बाजूची आहे. मात्र दोघांच्या सूत्रांत (शब्द ओळखायला दिलेल्या ओळींत) देव एकदाच यावा. गणेशोत्सवाला सार्वजनिक मांडवाच्या अंगाने सूत्र द्या, गणनायकाला समूहाच्या पुढाऱ्याच्या.

अंत्रुजकर

खालच्या भागात म्हादई हवीच. १० उभा समई घेतला तर १३ आडव्याच्या शेवटी 'ई' येतो, आणि म्हादई थेट बसते की!

कोशातली

बसते, आणि लगेच जाळीला कुलूप लागतं. १३ उभा मग 'म्हा'ने सुरू होणारा पाच अक्षरी लागेल. म्हातारपण घ्या. त्याचा 'ण' येतो ११ व्या ओळीच्या पहिल्या घरात, आणि तिथूनच २२ आडवा सुरू होतो. 'ण'ने सुरू होणारा शब्द कुठून आणणार? म्हातारचळ घेतला तर 'ळ', तीच गत. मराठीत ण आणि ळ शब्दाच्या आरंभी येत नाहीत. भरताना सगळ्यांत जास्त घात याच दोन अक्षरांनी होतो. आपल्याकडच्या शब्दांत ती शेवटी भरपूर असतात: रापण, काणकोण, साखळी, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट). असा शब्द आडवा असेल तर त्याचं शेवटचं घर उभ्या शब्दाचं मधलं किंवा शेवटचं असायला हवं. या जाळीत ३ री, ९ वी आणि ११ वी ओळ त्यासाठी सुरक्षित. १ ल्या ओळीत अजिबात नको, कारण तिच्या प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या घरातून उभा शब्द निघतो.

समई ठेवायची असेल तर १३ आडवा मिठाई करा आणि १३ उभा मिरवणूक. मिरवणुकीचा 'व' ९ व्या ओळीला आरंभ देतो आणि 'क' ११ व्या. दोन्ही अक्षरं सढळ आहेत. म्हादई जाते याचं मलाही वाईट वाटतं. पण नदीच्या नावासाठी चार शब्द मोडके घातले तर तो नदीचाही मान नव्हे. ७ व्या ओळीच्या मधल्या तीन घरांत गोव्यातलं एखादं तीन अक्षरी नाव बसतं का बघा. मांडवी, पेडणे, डिचोली, सत्तरी अशी पुष्कळ आहेत.

सूत्रधार

जाळीचं रूप डोळ्यांना दिसतं, सूत्राचं थोड्या वेळाने कळतं. दोन अक्षरं छेदातून मिळाली की तीन अक्षरी शब्द जवळपास उघडाच पडतो. म्हणून बाराही तीन अक्षरी शब्दांना कठीण सूत्रं द्या आणि पाच अक्षरींना सरळ. उलटं केलंत तर लांब शब्द अडतात, छोटे चुटकीसरशी जातात, आणि मजा कुठेच राहत नाही.

कूटसूत्राबद्दल (अर्थासोबत शब्दाची उकलही दडवलेल्या सूत्राबद्दल) इंग्रजीत डी. एस. मॅकनट यांनी 'झिमनीझ' या टोपणनावाने १९६६ च्या पुस्तकात घालून दिलेली शिस्त मराठीलाही लागू पडते. सूत्रात शब्दाचा नेमका अर्थ हवा, शब्दाची उकल प्रामाणिक हवी, आणि या दोन्हींपलीकडे काही नको. तलावासाठी:

शेत लावणीच्या पोटात साठलेलं पाणी (३)

'शेत लावणी' या अक्षरांच्या पोटात त-ला-व सलग आहे, आणि 'साठलेलं पाणी' हा अर्थ. वरवर वाचलं तर पावसाळ्यातलं शेत दिसतं. उकल आणि चित्र एकमेकांत असं विरघळलं की सूत्र देखणं होतं. आता त्याच्या आधी 'गावातल्या' जोडून बघा. वाक्य बिघडत नाही, पण तो शब्द ना अर्थात येतो ना उकलीत. सोडवणारा तिथे उगाच खणत बसतो.

नारदासाठी: किनार दगडाची, आत कळलावे मुनी (३). 'किनार दगडाची' मध्ये ना-र-द दडलाय. नवसासाठी: वसन चुरगळलं, देवाला कबूल केलेलं (३). व-स-न ची अदलाबदल. अदलाबदल करताना मात्रा अक्षरासोबतच फिरली पाहिजे. मात्रा सुट्या काढून दुसऱ्या अक्षरावर चढवल्या की सोडवणाऱ्याच्या हाती काहीच धरायला राहत नाही. कंसातला आकडा घरांचा, आणि तो प्रत्येक सूत्राला द्यायचाच.

कोकणीच्या अंगाने आलेले शब्द, जसे शिगमो, माटोळी, मानस, हे बिनधास्त घ्या. मात्र सूत्र असं हवं की पुण्या-मुंबईच्या वाचकालाही छेदांच्या आधाराने पोचता यावं. 'खाजन शेतीतला पाण्याचा दरवाजा' म्हटलं की मानस कळतो. आणि असे दोन अनोळखी शब्द एकमेकांना छेदू देऊ नका. छेदाचं घर अंदाजाने भरायला लागणं हा मांडणीचा दोष, वाचकाचा नव्हे.

खिळेजुळारी

छापताना घर ९ मिलिमीटरपेक्षा लहान नको. ११ घरांचे ९९ मिलिमीटर होतात, ए-फाइव्हच्या पानात (रुंदी १४८) आरामात बसतं. रोमन अक्षराला ७ चालतं. आपल्या अक्षराला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार, त्यामुळे 'र्श', 'णू' हाताने लिहिताना रेषेवर चढतात. क्रमांक डाव्या कोपऱ्यात ५ पॉइंटमध्ये, रेषेला न चिकटवता. तो मोठा घेतला तर पहिल्या वेलांटीखाली जातो.

आतल्या रेषा अर्धा पॉइंट, बाहेरची चौकट दीड. काळ्या घरांना पूर्ण काळा देऊ नका. झेरॉक्सवर मोठा काळा भाग ठिपक्याठिपक्यांचा येतो आणि पातळ कागदावर पाठीमागे उमटतो. ७० टक्के करडा द्या. सासष्टीकरांना मधला पट्टा जड वाटतोय, तोही त्याने निवळेल. उत्तरांच्या जाळीत प्रत्येक अक्षर घराच्या मधोमध सुटं ठेवा. शिरोरेषा घराबाहेर गेली की जाळीच्या रेषेत मिसळते आणि वाचता येत नाही.

आडवेउभे

कोडं मोबाइलवरही टाकणार असाल तर एक सांगतो. संगणक मोजतो ती अक्षरं म्हणजे आपली घरं नव्हेत. दूरदर्शन त्याला आठ चिन्हांचा दिसतो, गणेशोत्सव नऊचा. स्प्रेडशीटच्या लांबी मोजणाऱ्या सूत्रावर विसंबलात तर शब्दसूचीतले पाच अक्षरी शब्द गाळले जातील. युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आला आहे, तो पाळणारी लायब्ररी घ्या. जुनी असेल तर 'र्श' चे दोन तुकडे पडतात. आणि घराच्या खोक्याला 'एकच चिन्ह' अशी मर्यादा घातलेली असेल तर 'दू' टंकताना फक्त 'द' राहतो आणि सोडवणाऱ्याला वाटतं आपलंच उत्तर चुकलं.

अंत्रुजकर

मिठाई-मिरवणूक घेतली. ७ व्या ओळीच्या मधल्या घरांत मांडवी घालून बघितली. १४ उभा 'मां'ने आणि १५ उभा 'वी'ने सुरू होतो. 'मां'ला मांडवशोभा सुचतोय, पण तो ओढूनताणून वाटतो. 'वी'ला पाच अक्षरी अजून नाही.

कोशातली

मांडवशोभा नको. 'वी' अडेल आहे, तिथे वेळ घालवू नका. पेडणे घातलंत तर 'पे' आणि 'णे' येतील, आणि 'णे'ने शब्द सुरू होत नाही. डिचोलीचा 'ली'ही आखडू. सत्तरी घ्या: 'स' आणि 'री'. 'स'ला शब्दच शब्द आहेत. 'री'ला मात्र रीतिरिवाज आहे: री-ति-रि-वा-ज, बरोबर पाच. मधला 'रि' ९ व्या ओळीच्या उजव्या शब्दाचा आरंभ होतो आणि 'ज' ११ व्या. 'रि'ने सुरू होणारा पाच अक्षरी काढा. तो मिळाला तर खालचा उजवा कोपरा मार्गी लागेल. नाही मिळाला तर सत्तरी सोडून बार्देश घाला, म्हणजे १५ उभा 'श'ने सुरू होईल. तिथे शब्दांना तोटा नाही.